सहाशे पंचवीस रेघा

वडगावात बाजार गल्लीच्या तोंडाला माझं दुकान.
पाटीवर कन्नड मोठं, मराठी बारीक,
आणि दोन्हींत लिहिलंय ते आता कुणी करवून घेत नाही:
व्हिडिओ शूटिंग.

सोमवारी पुतण्यानं मला न विचारता
कॉम्प्युटर नवा केला. डबा तोच, आतली सिस्टीम नवी.
"काका, कसलं पळालंय बघा आता."
पळालंय खरं.
मला ओळखत नाही, एवढंच.

पिवळी, पांढरी, लाल, तिन्ही वायरी जाग्यावर.
व्हीसीआरचं डोकं स्पिरिटनं पुसलेलं.
पण यादीत कॅप्चरच्या डबीपुढं पिवळा त्रिकोण,
त्यात उद्गारचिन्ह,
खड्ड्याशेजारी लावतात तसं.
जुनी सीडी शोधली. टॅल्कम पावडरच्या डब्यामागं होती,
बुरशी धरलेली. बनियनला घासून घातली.
त्रिकोण गेला, खड्डा राहिला:
आवाज येतोय, पडदा काळा.

दोन रात्री गेल्या त्यात.
मग कुठल्या तरी कोपऱ्यात एक खटका सापडला:
कॅमेऱ्याला परवानगी? नाही.
सिस्टीमनं स्वतःच ठरवलेलं, नाही.
मी तीस वर्षं लोकांच्या घरात कॅमेरा घेऊन शिरलो,
न्हाणीघराच्या दारापर्यंत, हळद ओली असताना.
हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

चित्र आलं. पण काळंपांढरं,
आणि खालून वर सरकणारं,
मांडव, करवल्या, भटजी, परत मांडव,
जसं कुणी पाट्यावरून साडी ओढून घेतंय.
आता कळलं. नव्या सिस्टीमनं मला
अमेरिकेतला समजून घेतलेलं.
तिकडं चित्राला पाचशे पंचवीस रेघा.
आपल्याकडं सहाशे पंचवीस.
शंभर रेघांचा फरक, तेवढ्यात
अख्खं लग्न घसरत होतं.

रेघांचं मी एकदा इराप्पाला सांगितलं होतं.
दिवसा माग, रात्री माझा हॅलोजन धरायचा.
आधी विषम रेघा, मग त्यांच्या फटीत सम,
असं चित्र भरतं, म्हटलं.
तो हसला. "मग मालक, हे विणणंच की."

सेटिंग बदललं.
रंग एकदम आला, थोडा कडेला सांडलेला:
तांबडे काठ, मोरपंखी अंग.
नवरी खाली बघते आहे. अंतरपाट धरलाय.
आणि ऐन मंगलाष्टकांत उजेड तिच्या तोंडावरून उतरतो,
खांद्यावरून, पदरावर येतो, थांबतो.
तोंड अंधारात. काठ लखलखीत, एकेक नक्षी मोजावी असा.
माझाच आवाज, तरणा, चिडका:
"इराप्पा, तोंडावर धर! तोंडावर!"
आणि चौकटीबाहेरून, दिव्याच्या मागून:
"एक मिनिट, मालक. ही माझ्या मागावरची हाय."

एक मिनिट नव्हे. एकोणीस सेकंद.
मोजले मी. चार वेळा.
इराप्पाची एकही चौकट नाही माझ्याकडं.
दिवा धरणारा दिसला तर
ते शूटिंग फुकट गेलं म्हणायचं, हा माझाच नियम.

शनिवारी मुलगी आली. हुबळीला बँकेत असते,
आईबापाच्या लग्नाला पंचवीस वर्षं, रविवारी हॉल घेतलाय.
बघताना आईच्या वेणीला हसली,
मामाच्या मिशांना हसली.
मग म्हणाली, "इथं लाइट साडीवर का गेलाय, अंकल?
आणि कोण ओरडालंय हे? तेवढं काढता येईल?"

मी माऊस हातात घेतला,
बघतोय असं दाखवलं.
बाहेर कुणाचा तरी माग चालू होता, खट्‌, खट्‌,
मधेच धागा तुटला असणार, थांबला.

"टेपमधला दोष आहे," म्हटलं,
"निघत नाही."